गाव 'क्ष'चे उत्तरवार सर

डॉ. दिवाकर उत्तरवार आपल्या सख्ख्या भावाचं नाव घेत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. दोघं एकाच घरात राहतात. भाऊ खाली, सर वरच्या मजल्यावर. पण भावाचा विषय निघाला की सर म्हणतात, "बाजारपेठेतले एक मध्यमवयीन व्यापारी." या व्यापाऱ्याच्या किराणा दुकानाची पाटी बारा फूट लांब आहे. तिच्यावर आडनाव लाल अक्षरांत आहे आणि ते हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकमधूनही वाचता येतं. सरांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ती त्यांनी लावलेली पाटी आहे. माझ्याकडून ओळख पटायला नको."

मी समोरच्या घरात राहतो आणि एका दैनिकाचा हिंगणघाटचा बातमीदार आहे. कोण, कुठे, कधी, हे विचारण्याचा पगार मला मिळतो. सरांची सगळी नोकरी नेमक्या याच तीन गोष्टी पुसण्यात गेली.

आमची पहिली भेट एका अपघातामुळे झाली. चौकात एक मोटार एका हातगाडीवर आदळली होती आणि सर तिथे उभे होते. मी वही काढली. त्यांनी सांगितलं, "एका वाहनानं दुसऱ्या वाहनाला धडक दिली." कोणत्या रंगाची मोटार, असं विचारलं तर म्हणाले, "रंग सांगितला की मालक कळेल." मग मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "हवं तर हिरवी लिहा. तपशील बदलले आहेत असं खाली टाका." मोटार पांढरी होती. माझ्या पाठीमागेच उभी होती.

ते समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांचा अभ्यासाचा विषय असा: नदीवर पोट असलेली माणसं, नदीतले मासे संपू नयेत म्हणून, आपसांत कोणते नियम करतात, ते कोण पाळतं, कोण मोडतं आणि मोडणाऱ्याचं काय करतात. हिंगणघाटात हे फारसं कुणाला माहीत नाही. शहराच्या लेखी ते 'मासोळीचे डॉक्टर'. एकदा एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत घरच्या काचेच्या पेटीतला सोनेरी मासा घेऊन आले. मासा कुशीवर तरंगत होता.

"मी माशांचा अभ्यास करत नाही, माणसांचा करतो," सर म्हणाले.

"मंग मलेच तपासा," गृहस्थ म्हणाले. "दोन दिवसापासून मी बी जेवलो नाई."

घराणं चार पिढ्यांचं व्यापारी आणि कडक शाकाहारी. चातुर्मासात घरात कांदासुद्धा येत नाही. मुलानं मासेमारीवर पीएच.डी. केली ही गोष्ट वडिलांनी शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगितली नाही. "आपल्या घरी मासोळी पंचांगातल्या राशीतच बरी," एवढंच ते म्हणत.

सरांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे परवानगी. संशोधनात कुणालाही प्रश्न विचारण्याआधी त्याची संमती घ्यावी लागते, आणि नकाराची मुभा आहे हे त्याला सांगावं लागतं. इतर प्राध्यापक हे काम झालं की विसरतात. सरांच्या अंगात ते मुरलं. भाजीवालीसमोर उभे राहून ते म्हणतात, "मी एक-दोन प्रश्न विचारू का? नाही म्हणायला मोकळीक आहे. कारण सांगायची गरज नाही." आमच्या बाजारातल्या एका बाईनं एकदा खरोखरच "नाई" म्हटलं आणि तोंड फिरवलं. सर मान लववून गवार न घेता घरी आले.

त्यांचं लग्न झालेलं नाही. त्याचंही कारण भावाच्या मते हेच. तीन स्थळं पाहिली. तिन्ही ठिकाणी पोह्याची बशी हातात घेऊन सरांनी मुलीला नीट समजावून सांगितलं की तिला नाही म्हणायला मोकळीक आहे, पुढेही कोणत्याही टप्प्यावर ती बाहेर पडू शकते, आणि त्याचा तिच्यावर काहीही परिणाम होणार नाही. "असं सांगितल्यावर कोन हो म्हणन, सांगा बरं," भाऊ म्हणतात. "मीच नाई म्हटलं असतं."

वसाहतीत पाणी कमी येऊ लागलं तेव्हा अर्ज लिहायचं काम आम्ही सरांना दिलं, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे. त्यांनी लिहिलं: 'शहराच्या एका भागातील एका वसाहतीत काही दिवसांपासून पाण्याचा दाब पुरेसा नाही.' खाली सही, 'एक रहिवासी'. अर्जाची दखल घेतली गेली नाही. यात नगरपालिकेचा दोष नाही. आठवड्यानं माझ्या पत्नीनं फोन करून गल्ली, घर आणि पाण्याच्या चावीची जागा सांगितली. संध्याकाळी पाणी आलं.

या सवयींवर आम्ही सगळे हसत असू. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर रजनी पचारे त्यांच्याकडे आली तेव्हा हसण्याचं कारण उरलं नाही.

रजनी जांबघाटची. वेणा नदीच्या काठावरची ढिवर मासेमारांची वस्ती, चाळीस घरं, समुद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. तिशीतली बाई, लहानपण मामाच्या गावी गेलेलं, आता वस्तीच्या मासेमारी संस्थेची सचिव. वस्तीजवळ नदीला एक डोह आहे. उन्हाळ्यात नदी आटते, पण डोह आटत नाही. अंडी घालणारी मासोळी तिथे गोळा होते. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, नदीला गढूळ पाणी येईपर्यंत त्या डोहात कुणी जाळं टाकत नाही, गळ सोडत नाही. वस्तीतले लोक बाभळीच्या काटेरी फांद्या डोहात उतरवतात. जाळं टाकलंच तर फाटतं. याला ते 'डोह झाकणं' म्हणतात. नियम मोडणाऱ्याचं जाळं पोळ्यापर्यंत मारुतीसमोरच्या कडुलिंबावर टांगलेलं राहतं, आणि येणारा-जाणारा ते पाहत राहतो.

आता नदीचा तो सगळा पट्टा ठेक्यानं द्यायच्या यादीत आला होता. ठेका बाहेरच्या माणसाला मिळाला तर तो डोह झाकेल कशाला? आक्षेप घ्यायला महिनाभराची मुदत होती. पण डोह पिढ्यानपिढ्या राखला जातो याचा जुना लेखी पुरावा हवा होता. वस्तीकडे लेखी असं काहीच नव्हतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात रजनीला एक प्रबंध सापडला. उत्तरवार सरांचा, बावीस वर्षांपूर्वीचा. त्यात एक वस्ती होती, एक डोह होता, काटेरी फांद्या होत्या, झाडावर टांगलेलं जाळं होतं. वस्तीचं नाव होतं 'गाव क्ष'. तो प्रबंध छातीशी धरून ती सरांच्या जिन्यात उभी होती. मी त्या वेळी वरच होतो. सरांनी वर्तमानपत्र परत न्यायला बोलावलं होतं.

"सर, हे आमचंच गाव हाये ना?"

"मला त्यावर बोलता येणार नाही."

"हा माहितीदार चार म्हणजे माहा आजा, बळीराम पचारे."

"तपशील बदलले आहेत."

"ते दिसतेच! आज्याचं बोट तुटलं होतं, तुमी कान तुटला लिवलं!" ती जवळजवळ ओरडली. "आमची आजी वाचू शकत नाई म्हणून बरं. नाई तं तिनं मलेच विचारलं असतं, हा कानतुट्या कोन?"

 मग सरांनी कारण सांगितलं, आणि ते वेडगळ नव्हतं. डोहात मोठ्या मरळी असतात. ही जागा बाहेर कळली तर पाण्यात विजेचा करंट सोडून मासे मारणारे एका दुपारीत सगळं संपवतील, अशी तेव्हा वस्तीला भीती होती. म्हणून 'माहितीदार चार'नं त्यांना नदीच्या पाण्यात हात घालायला लावून वचन घेतलं होतं: गाव कोणतं ते कुणालाही कळणार नाही. एकूण अकरा जणांनी त्या वचनावर माहिती दिली. "त्या अकरा जणांनी मला मोकळं केलं तर मी बोलेन," सर म्हणाले.

"कोन अकरा?"

"ते सांगता येणार नाही."

रजनीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शेवटी सरांनी तोडगा काढला. संमतीचा कागद चाळीसही घरांत द्यायचा. ज्यांनी माहिती दिली होती त्यांना आपण होतो हे ठाऊकच आहे. ते सही करतील. बाकीचे कोरा परत करतील. जे वारले त्यांच्या जागी घरच्यांनी करायची. स्वतः जायला ते तयार नव्हते. "माझ्या तोंडावर कुणी नाही म्हणणार नाही. मग त्या होकाराला काय अर्थ?"

आठवड्यानं रजनी गठ्ठा घेऊन आली. अकरा संमती हव्या होत्या, आल्या एकोणचाळीस. डोह वाचतो म्हटल्यावर प्रत्येक घरानं आपण माहिती दिल्याचं लिहून दिलं होतं. सह्या करणाऱ्यांत प्रबंधाच्या वेळी वयानं एक वर्षाचा असलेला गृहस्थ होता. एका बाईनं लिहिलं होतं, 'मी तेव्हा माहेरी होती पण माझी बी परवानगी हाये.' सरांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला, त्यातली यादी आमच्याकडे पाठ करून जुळवली आणि म्हणाले, "दहा आहेत."

एकच कागद कोरा होता. तो रजनीच्या आजीचा, सोनाबाईचा. बळीराम पचारेंची विधवा. आणि सगळा प्रबंध उभा होता तो बळीरामांच्या सांगण्यावर.

"आजी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणे, ज्यानं वचन देल्लं त्यानं येऊन मांगावं."

सुनावणीला तीन दिवस उरले होते.  सरांनी आत जाऊन कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. माझीही संमती घेतली. समुद्रपूरच्या एसटीनं आम्ही जांबघाटच्या फाट्यावर उतरलो. मधल्या काळात सिमेंटचा रस्ता झाला होता, समाजमंदिर नवं होतं, तरी सर कुणाला न विचारता सरळ चालत गेले, दोनदा वळले आणि एका कुडाच्या अंगणासमोर थांबले. सोनाबाई सुपात सुके झिंगे निवडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, कृश, ताठ. तिनं मान वर केली नाही.

"आले का मास्तर?"

"आलो."

"बोला."

सरांनी सगळं सांगितलं. वचन काय होतं, ते का मोडावं लागतंय, मोडल्यानं काय होऊ शकतं. मग म्हणाले, "नाही म्हणायला मोकळीक आहे. कारण सांगायची..."

"माही मोकळीक मले मालूम हाये. तुमी मांगा."

सर उभ्यानंच म्हणाले, "बळीरामजींना दिलेलं वचन मोडायची परवानगी द्या."

तिनं हात पदराला पुसला आणि अंगठा उमटवला. "बुढा असता तं आदी शिवी देल्ली असती, मंग अंगठा," ती म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. बसा म्हणाली नाही. चहा विचारला नाही. बातम्यांसाठी मी या तालुक्यांतली पुष्कळ अंगणं पाहिली आहेत. पाहुणा चहाशिवाय उठला असं माझ्यासमोर तोवर घडलं नव्हतं. परतताना सर एकच वाक्य बोलले: "शाई वाळेपर्यंत घडी घालू नका."

सुनावणी वर्ध्याला झाली. वस्तीतून सात जण आले होते, त्यांत सोनाबाई. अधिकारी तरुण होता, शांत होता आणि त्यानं प्रबंध खरोखर वाचला होता. अडचण तीच झाली.

"सर, या नकाशात गाव उजव्या काठावर आहे. हे लोक डाव्या काठावर राहतात."

उत्तरवार सरांनी खिशातून दाढीचा छोटा आरसा काढला आणि नकाशाच्या कडेला उभा धरला. अधिकारी वाकला. आरशात नदीचं वळण, डोह, देऊळ, वस्ती, सगळं आपापल्या जागी आलं होतं. त्याच्या टेबलावर जांबघाटचा सरकारी नकाशा होता. तो त्यानं शेजारी सरकवला. दोन्ही तंतोतंत जुळत होते.

"तुम्ही नकाशा मुद्दाम उलटा छापला?"

"ओळख पटू नये म्हणून."

"यांचं देऊळ मारुतीचं आहे. तुम्ही महादेवाचं लिहिलंय."

"हो."

"आणखी काय काय बदललंय?"

सरांनी तीन पानं पुढे केली. डाव्या बाजूला प्रबंधात काय लिहिलं ते, उजव्या बाजूला खरं काय ते. सगळ्यात खाली होतं: माहितीदार ४, कान नव्हे, बोट. अधिकाऱ्यानं ती पानं शेवटपर्यंत वाचली. मधे एकदा त्यानं रुमाल तोंडाला लावला. मग त्यानं सरांना प्रबंधातल्या तारखा आणि नोंदी दाखवायला सांगितल्या, अकरा कागद तपासले, वस्तीतल्या दोघांना फांद्या कशा उतरवतात ते विचारलं. पाऊण तास गेला. शेवटी म्हणाला, "डोह आणि त्याच्या वर-खालचा भाग यादीतून वगळण्याची शिफारस मी करतो. उरलेल्या पट्ट्यासाठी तुमच्या संस्थेनं अर्ज करावा. पत्र येईल."

पत्र नंतर आलं, आणि त्यात हेच होतं. पण त्या दिवशी पत्राची वाट कुणी पाहिली नाही. रजनी बाहेर येऊन बाकावर बसली, तिनं चपला काढल्या आणि दोन्ही पाय समोर पसरले. एक म्हातारा पुन्हापुन्हा विचारत होता, "म्हणजे यंदा झाकाचा ना?" सगळे त्याला पुन्हापुन्हा हो म्हणत होते.

चहा आला. सोनाबाईनं तिचा कप खाली ठेवला.

"काम झालं," ती म्हणाली. "आता सांगा मास्तर. काऊन नाई आले?"

सरांना कळलं नाही.

"दोन साल माह्या घरी जेवले. दोन्ही टाईम. तुमच्यासाठी मी भाजी येगळ्या गंजात शिजवत होती. मंग एक दिवस उठले न गेले, ते बावीस साल. बुढा गेला, तईबी नाई आले. मले मालूम हाये काऊन. जायच्या आदल्या दिवशी माह्याच हातानं चूक झाली. मासोळीचा पळा मी वांग्याच्या भाजीत बुडवला. तुमाले वाढल्यावर ध्यानात आलं. बोलाची हिंमत नाई झाली. दुसऱ्या दिवशी तुमी गेले. बुढ्याले म्हटलं, मास्तरचा धरम मीच बुडवला. आता ते नाई येत."

सरांनीही आपला कप खाली ठेवला. 

"माझं काम संपलं होतं," ते म्हणाले. "अभ्यासरजाही संपली होती, दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर व्हायचं होतं. आणि नंतर मी येत राहिलो असतो तर कुणालाही कळलं असतं, गाव कोणतं ते. विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना. मी एका गावाला सारखा जातो म्हटल्यावर दुसरं काय समजणार? म्हणून आलो नाही."

"आमी का चोरी केल्ती, लपवाले?"

"नाही."

"अन् बुढा गेला तईबी?"

"कळलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "आखाजी झाली की मी दरसाल समुद्रपूरच्या गाडीत बसायचो. पुलावरून डोहातल्या फांद्या दिसतात. डोह झाकलेला आहे एवढं पाहायचं, समुद्रपूरला जायचं आणि त्याच गाडीनं परत."

"उतरत नोते?"

"नाही."

सोनाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. बावीस वर्षं जे तिनं स्वतःच्या माथी घेतलं होतं ते तिचं नव्हतंच, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत असावं. खांदे खाली आले. मग ती हसली. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, बराच वेळ.

"येडा हाये रे तू," ती म्हणाली.

सर चष्मा पुसत होते. "त्या भाजीत," त्यांनी जरा वेळानं विचारलं, "मासोळी होती म्हणता?"

"पळाभर रस्सा."

"चांगली झाली होती," सर म्हणाले. "मी दोनदा घेतली होती."

परतीला आम्ही सगळे एकाच गाडीत होतो, वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे समुद्रपूरला जाणाऱ्या. सोनाबाईला खिडकी दिली होती. शेजारी सर बसले होते. ती त्यांना वस्तीतलं कोण वारलं, कुणाला लेकरं झाली, हे सांगत होती, आणि सर प्रत्येकाचं नाव घेऊन पुढचं विचारत होते. हिंगणघाटच्या स्टँडवर गाडी पाच मिनिटं थांबली. मी उतरलो. सर उतरले नाहीत.